दोन नोबेल मिळवणाऱ्या मादाम क्युरी महायुद्धात एक्स-रेची गाडी घेऊन का फिरत होत्या?

पहिले महायुद्ध म्हटले की आपल्याला शाळेत पाठ केलेली सनावळी आठवते : १९१४ ते १९१८. पण जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठे अडकली आहे, हे तेव्हा आघाडीवरच्या डॉक्टरांना कसे कळायचे? बहुतेकदा कळायचेच नाही. जखमेत चिमटा घालून चाचपडत शोधायचे. हे बदलण्यासाठी जी व्यक्ती धडपडली, ती डॉक्टर नव्हती. ती होती मेरी क्युरी.

फ्रान्सवर काय संकट आले होते?

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममधून फ्रान्समध्ये घुसले. सप्टेंबरमध्ये ते पॅरिसच्या जवळ पोहोचले आणि सरकारने आपला मुक्काम बोर्दोला हलवला. क्युरी यांनीही बोर्दो गाठले. त्यांच्याकडे शिशाची जड पेटी होती आणि तिच्यात प्रयोगशाळेतले एक ग्रॅम रेडियम. बँकेच्या तिजोरीत ते ठेवून त्या लगेच परतल्या. लोक पॅरिस सोडून पळत असताना त्या पॅरिसकडे निघाल्या होत्या.

खरे तर त्यांना फ्रान्सवर रुसायला पुरेसे कारण होते. त्या मूळच्या पोलंडच्या, जन्म वॉर्साचा, १८६७ चा. पती पिएर १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून गेले. १९११ मध्ये, दुसरे नोबेल मिळाले त्याच वर्षी, फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले आणि खासगी आयुष्यावरून काही वृत्तपत्रांनी त्यांना परकी ठरवून झोडपले. तरीही युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी नोबेलची रक्कम सरकारी युद्धकर्जात घातली. सुवर्णपदकेही वितळवायला देऊ केली, ती मात्र बँकेने घेतली नाहीत.

गाडीत नेमके काय होते?

मार्नच्या लढाईत जर्मन थांबले आणि दोन्ही बाजूंनी खंदक खणले गेले. तोफगोळे फुटून उडणारे धातूचे तुकडे सैनिकांच्या अंगात घुसत. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्येच लागला होता, पण यंत्रे शहरांतल्या इस्पितळांत आणि जखमी खेड्यापाड्यांत, जिथे वीजच नाही.

क्युरी यांचा उपाय इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो चालवायचा, त्या विजेवर क्ष-किरणांची नळी. गाडी इस्पितळाबाहेर उभी करायची, वायर आत न्यायची, खोलीत काळोख करायचा. पडद्यावर हाडे आणि गोळी दिसली की शल्यविशारद कामाला लागे. सैनिक या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणू लागले.

गाड्या मिळवायला त्या श्रीमंत घरांचे दरवाजे ठोठावत. लष्करी अधिकारी सुरुवातीला फारसे उत्सुक नव्हते. त्या स्वतः शरीररचना शिकल्या, गाडी चालवायला शिकल्या, टायर बदलायलाही शिकल्या. सोबतीला मुलगी इरेन. युद्ध सुरू झाले तेव्हा ती १७ वर्षांचीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. पुढे बेल्जियममधल्या एका युद्ध इस्पितळात तिने एकटीने एक्स-रे विभाग सांभाळला.

सुमारे २० गाड्या, २०० एक्स-रे खोल्या आणि सुमारे १५० प्रशिक्षित महिला, एवढी यंत्रणा मायलेकींनी उभी केली. तिथे तपासलेल्या सैनिकांची संख्या दहा लाखांच्या वर असावी, असा अंदाज आहे.

त्याची किंमत काय होती?

क्ष-किरणांपासून पुरेसे संरक्षण तेव्हा कुणाकडेच नव्हते. ४ जुलै १९३४ रोजी क्युरी यांचे रक्ताच्या आजाराने निधन झाले. आपण सहसा रेडियमला दोष देतो. मात्र १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना किरणोत्सार मोजला गेला, तेव्हा युद्धकाळातले क्ष-किरणच अधिक कारणीभूत असावेत, असे मत फ्रान्सच्या तज्ज्ञांनी मांडले. इरेन यांना १९३५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते पाहायला आई नव्हती. १९५६ मध्ये इरेनही रक्ताच्या कर्करोगाने गेल्या.