सायलीच्या गंधाची कवयित्री : इंदिरा संत

आपल्या उचगावजवळून जाणारा पुणे–बंगळूर महामार्ग कागल, निपाणी मागे टाकून तवंदीच्या घाटाला लागतो. श्री पार्श्वनाथ भगवंतांचे स्तवनिधी तीर्थक्षेत्र याच परिसरात वसले आहे. दर्शनासाठी तेथे जाणाऱ्या श्रावक-श्राविकांना हा मार्ग पिढ्यानपिढ्या परिचित आहे. परंतु मराठी कवितेला चिरंतन गंध देणाऱ्या एका थोर कवयित्रीचे बालपण याच तवंदीत गेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या कवयित्री म्हणजे श्रीमती इंदिरा संत होत.

४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव दीक्षित. तवंदीच्या तांबड्या मातीत, रानातल्या झाडावेलींच्या आणि फुलांच्या सान्निध्यात त्यांचे मन घडले. पुढे बेळगाव, कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या त्या विद्यार्थिनी होत्या, ही आपणा करवीरवासीयांना अभिमानाची गोष्ट होय.

कवी आणि लेखक श्री. ना. मा. संत यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उभयतांच्या कवितांचा ‘सहवास’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. साहित्याची समान आवड असलेल्या या दांपत्याचा संसार मात्र अल्पकालीन ठरला. १९४६ मध्ये ना. मा. संत यांचे निधन झाले. त्या वेळी इंदिराबाईंचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते आणि मुले लहान होती. त्या काळी अकाली वैधव्य आलेल्या स्त्रीपुढे दुःखाबरोबर उपजीविकेचाही प्रश्न उभा राहत असे. इंदिराबाईंनी धीर सोडला नाही. बेळगावच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि तेथेच पुढे प्राचार्यपदही भूषविले. दिवसभराची नोकरी, मुलांचे संगोपन आणि घरकाम सांभाळून उरलेल्या वेळेत त्या लिहीत राहिल्या. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत पुढे ‘वनवास’, ‘शारदा संगीत’ यांसारख्या कथासंग्रहांनी मान्यता पावले.

‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४), ‘बाहुल्या’ (१९७२) आणि ‘गर्भरेशीम’ (१९८२) हे त्यांचे महत्त्वाचे काव्यसंग्रह. कथा आणि ललित लेखनही त्यांनी विपुल केले. ग्रामीण स्त्रियांच्या ओव्यांचे ‘मालनगाथा’ हे संकलन म्हणजे नाव नसलेल्या असंख्य मायभगिनींना त्यांनी मिळवून दिलेला मानच होय. त्यांच्या पुस्तकांच्या नावांकडे पाहिले तरी त्यांचा जीव कशात रमला होता हे ध्यानी येते. ‘मेंदी’, ‘कदली’, ‘मृद्गंध’, ‘वंशकुसुम’, ‘फुलवेल’ ही नावे एखाद्या फुललेल्या परसबागेची आठवण करून देतात.

फुले त्यांच्या कवितेत केवळ शोभेसाठी येत नाहीत. अवेळी कोसळणाऱ्या पावसाची विनवणी करणारी त्यांची कविता रसिकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मोडकळीला आलेले घर, दारातली नाजूक सायली आणि बाहेरगावी गेलेला घरधनी यांची एकाच वेळी काळजी वाहणारी स्त्री त्या कवितेत आहे. त्या सायलीत आणि त्या स्त्रीत फारसे अंतर नाही. दोघीही कोमल आहेत आणि वादळात दोघींनाही उभे राहायचे आहे. पतिविरहाचे दुःख इंदिराबाईंनी कधी आक्रोश करून मांडले नाही. पाने, फुले, चांदणे आणि माती यांच्या आडून ते अत्यंत संयमाने व्यक्त केले. हा संयमच त्यांच्या काव्याचा अलंकार ठरला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव व निपाणीचा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तरीही बेळगावात राहून इंदिराबाईंची मराठी साहित्यसेवा अखंड चालू राहिली. त्यांच्या निवडक कवितांचे इंग्रजी भाषांतर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार प्राप्त झाला, तर १९९५ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या जनस्थान पुरस्काराने त्यांचा गौरव करण्यात आला. १३ जुलै २००० रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

दुःख वाट्याला आले असता कडवटपणा न धरता कर्तव्य करीत राहावे आणि त्यातूनही इतरांना सुगंध द्यावा, हा वस्तुपाठ इंदिराबाईंच्या जीवनाने घालून दिला आहे. स्तवनिधीच्या यात्रेला जाताना तवंदीचा घाट लागला की, क्षणभर या थोर कवयित्रीचे स्मरण व्हावे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!