फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमर ह्याचें जीवनवृत्त

फुटबॉल खेळून वेतन घेण्याची मोकळीक इंग्लंडांतील फुटबॉल मंडळानें १८८५ सालीं दिली, व निरनिराळ्या क्लबांच्या सामन्यांची लीग १८८८ सालीं सुरू झाली. त्या आरंभींच्या काळांत ज्या कष्टकरी घरच्या मुलांनीं ह्या खेळांत नांव मिळविलें, त्यांत स्टीव्ह ब्लूमर हा पहिल्या रांगेंतला होय. आमच्या खेडोपाडींच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानीं हें नांव गेलें असेल. तथापि त्यानें किती गोल केले ह्यापेक्षां पहिल्या महायुद्धानें त्याच्या आयुष्याची जी उलथापालथ केली ती अधिक सांगण्यासारखी आहे असें वाटून आम्ही हें वृत्त येथें देत आहों.

ब्लूमर ह्याचा जन्म २० जानेवारी १८७४ रोजीं वुस्टरशायर परगण्यांतील क्रॅडली ह्या गांवीं झाला. बाप लोखंडाच्या कामावर पोट भरणारा. मुलगा लहान असतांनाच हें कुटुंब कामधंद्यासाठीं डर्बी शहरीं येऊन राहिलें, आणि तेथें स्टीव्हही घण व ऐरण ह्यांच्या संगतींत वाढला. फावल्या वेळीं तो सेंट चॅड ह्या मंदिराशीं संबंध असलेल्या मुलांच्या संघांत खेळे. पुढें डर्बी कौंटी ह्या क्लबानें त्यास पत्करलें, व सप्टेंबर १८९२ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, स्टोक येथें त्यानें पहिला सामना खेळला. त्या वेळीं जॉन गुडॉल हा नामांकित खेळाडू डर्बीच्या संघांत होता. त्यानें ह्या लोहाराच्या पोरांतलें पाणी ओळखलें व त्यास हाताशीं धरून शिकविलें. असा गुरु मिळणें हें अर्धें भाग्यच होय.

ब्लूमर अंगानें कांहीं पहिलवान नव्हता. उंची मध्यम व चेहरा इतका फिकट कीं पाहणारास तो दुखणेकरी वाटावा! परंतु चेंडू पायाशीं आला कीं पाय मागें न उगारतां, क्षणाचाही विलंब न लावतां, उजव्या किंवा डाव्या कोणत्याही पायानें तो असा सपाटून व जमिनीलगत मारी कीं गोल राखणारास हलण्यास सवड मिळत नसे. डर्बीसाठीं त्यानें ५२५ सामन्यांत ३३२ गोल केले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतून तो १८९५ पासून १९०७ पर्यंत २३ सामने खेळला व त्यांत त्याचे २८ गोल झाले. पैकीं पांच तर १८९६ सालीं कार्डिफ येथें वेल्सच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यांत झाले. डर्बीस त्या काळीं बेसबॉल ह्या अमेरिकन खेळाचेंही वेड शिरलें होतें, आणि तो खेळही ब्लूमर चांगला खेळे. डर्बी कौंटीचा क्लब १८९५ सालीं ज्या मैदानावर गेला त्यास पुढें शंभर वर्षें लोक बेसबॉल मैदान असेंच म्हणत राहिले, आणि तेथें खेळत मात्र फुटबॉल!

एवढें असूनही इंग्लंडांत सर्वांत मानाचा जो एफ. ए. चषक, तो त्यास कधीं लाभला नाहीं. १८९८ सालीं डर्बीचा संघ अंतिम सामन्यास पोहोंचला. ब्लूमरनें गोलही केला, पण नॉटिंगहॅम फॉरेस्टनें ३-१ असा जय मिळविला. पुढच्याच वर्षीं पुन्हां अंतिम सामना, व शेफील्ड युनायटेडकडून ४-१ असा पराभव. १९०३ सालीं तिसऱ्यांदा संधि आली, तेव्हां दुखापतीमुळें ब्लूमर खेळूंच शकला नाहीं, आणि बरी क्लबानें डर्बीस ६-० असें चीत केलें.

आतां ह्या धंद्याची दुसरी बाजू पाहा. १९०१ सालापासून मंडळानें असा निर्बंध घातला कीं कोणत्याही खेळाडूस आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन देऊं नये. मग तो देशांतला सर्वोत्तम खेळाडू कां असेना! शिवाय क्लबाच्या संमतीवांचून त्यास दुसरीकडे जातां येत नसे, आणि क्लबास पैशाची ओढ लागली कीं तो खेळाडू दुसऱ्या क्लबास देऊन मोबदला घेई. मार्च १९०६ मध्यें डर्बीनें ब्लूमरला मिडल्सबरोच्या हवालीं केलें व ७५० पौंड घेतले. बाजारांत बैल द्यावा त्यांत आणि ह्यांत भेद किती, हें आम्हांस नीटसें सांगतां येत नाहीं. डर्बीच्या लोकांस ही गोष्ट फार लागली. पुढच्याच वर्षीं, १९०७ सालीं, त्यांचा क्लब वरच्या वर्गांतून खालीं घसरला. १९१० सालीं ब्लूमर परत आला, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, १९१२ सालीं, त्यानें आपल्या संघास पुन्हां वरच्या वर्गांत नेऊन पोहोंचविलें.

जानेवारी १९१४ मध्यें तो शेवटचा सामना खेळला. वय चाळीस झालें होतें, व चाळिशी उलटलेल्या पायांस ह्या धंद्यांत कोणी विचारीत नाहीं. संसार तर चालवावयाचाच होता. त्या काळीं युरोपांतील इतर देश हा खेळ शिकण्यास उत्सुक होते व इंग्रज खेळाडूंस शिक्षक म्हणून बोलावीत. ब्रिटानिया ह्या बर्लिनच्या क्लबाचें असेंच बोलावणें आलें, आणि जुलै १९१४ मध्यें ब्लूमर जर्मनीस गेला. ता. ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंड व जर्मनी ह्यांच्यांत युद्ध पुकारलें गेलें. त्यास तेथें जाऊन पुरता महिनाही झाला नसेल!

नोव्हेंबर १९१४ मध्यें जर्मन सरकारनें देशांतील ब्रिटिश पुरुषांस धरून रूलेबेन येथें कोंडलें. हें बर्लिनच्या पश्चिमेस असलेलें घोड्यांच्या शर्यतीचें मैदान. चार हजारांहून अधिक माणसें तेथें तबेल्यांत ठेविलीं. एका घोड्याच्या खणांत सहा माणसें, आणि बाकीचीं वर गवताच्या माळ्यावर. पहिल्या हिवाळ्यांत चिखल, थंडी व उवा ह्यांनीं सर्वांस हैराण केलें. व्यापारी, खलाशी, विद्यार्थी, गवई असे सर्व थरांतले लोक एका रांगेंत भांडें घेऊन उभे राहत, आणि त्याच रांगेंत ज्याचें चित्र इंग्लंडांतील मुलें जपून ठेवीत तो ब्लूमरही होता. पत्नी व मुली तिकडे डर्बीस, आणि मधें युद्ध. (ह्याच युद्धांत इकडे आपल्या अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, हिंदुस्थानांतील जर्मन लोकांस सरकारनें अटकेंत ठेविलें होतें, व त्यांत कित्येक मिशनरीही होते. युद्धाचें माप दोन्हीं बाजूंस सारखेंच पडतें.)

कैद्यांस पहारा होता, परंतु सक्तीचें काम नव्हतें. रिकामें मन हाच तेथें मोठा रोग. तेव्हां ह्या लोकांनीं आपसांत व्यवस्था लाविली. शाळा काढली, नाटकें केलीं, गायनवादन चालविलें. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या साह्यानें १९१५ च्या अखेरीस एक सभागृह उभें राहिलें, व उपासनेस आणि वाचनास जागा झाली. जेम्स चॅडविक नांवाचा एक तरुण विद्यार्थी तबेल्यांत बसून शास्त्रीय प्रयोग करी. त्यानेंच पुढें १९३२ सालीं न्यूट्रॉनचा शोध लाविला. आणि १९१५ च्या वसंत ऋतूंत मैदानाचा कांहीं भाग भाड्यानें घेऊन फुटबॉल सुरू झाला. ब्लूमर तेथें एकटा नव्हता. फ्रेड पेंटलंड, जॉन कॅमेरॉन असे आणखीही नामांकित खेळाडू जर्मनींत शिकविण्यास आलेले असतांना सांपडले होते. त्यांनीं रीतसर मंडळ स्थापिलें व तबेल्यातबेल्यांच्या संघांचे सामने ठरविले. हजारों कैदी दोरीभोंवतीं उभे राहून ते पाहत. ज्यांनीं ब्लूमरला पैसे मोजून लांबून पाहिलें असेल त्यांच्या शेजारच्या खणांत आतां तो निजत होता, व त्यांच्याच संघांतून खेळत होता.

हा काळ खेळीमेळींत गेला असें मात्र कोणीं समजूं नये. १९१६-१७ च्या हिवाळ्यांत साऱ्या जर्मनींत अन्नाचा दुष्काळ पडला. इंग्लंडाहून येणारीं पुडकीं नसतीं तर कैद्यांचे हाल कुत्र्यानेंही खाल्ले नसते. तारेच्या आंत राहून कित्येकांचीं डोकीं फिरलीं. सुटकेचा दिवस कोणता हें कोणासच माहीत नसे; शिक्षा झालेल्या चोरासही आपली मुदत ठाऊक असते, ह्यांस तेवढेंही नव्हतें. ब्लूमरनें ह्या रीतीनें तीन वर्षांहून अधिक काळ काढला. मार्च १९१८ मध्यें त्यास हॉलंड देशीं जाऊं दिलें. तो जाण्यापूर्वीं सोबत्यांनीं त्याच्या मानार्थ निरोपाचा सामना खेळला. हॉलंडांत युद्ध संपेपर्यंत राहणें भाग होतें, म्हणून ॲम्स्टरडॅमच्या ब्लाउ-विट क्लबास तो शिकवूं लागला. त्या वर्षाच्या अखेरीस तो डर्बीस घरीं पोहोंचला.

घरीं आला तो चव्वेचाळीस वर्षांचा. नांव होतें, परंतु नांव चुलीवर शिजत नाहीं. डर्बी कौंटीच्या दुय्यम संघांतील तरुणांस शिकविण्याचें काम त्यानें केलें, व १९२३ सालीं पुन्हां परदेशची वाट धरली. स्पेन देशांत, फ्रान्सच्या सरहद्दीस लागून, इरुन म्हणून लहानसें गांव आहे. तेथील रेआल युनियन ह्या क्लबाचा तो शिक्षक झाला. थोड्या अंतरावर बिल्बाओ शहरीं त्याचा तुरुंगांतला सोबती पेंटलंड हाही तेंच काम करीत होता. १९२४ च्या राजचषकाच्या सामन्यांत ब्लूमरच्या शिष्यांनीं बार्सिलोनाच्या बलाढ्य संघास हरविलें, आणि अंतिम सामन्यांत माद्रिदच्या संघावर १-० असा जय मिळविला. आपल्या देशाचा चषक ज्यास तीन वेळां हुकला, त्याच्या हातून परक्या देशाचा चषक एका सरहद्दीवरच्या गांवास मिळाला. आमच्या मतें त्याच्या सर्व गोलांहून ही कामगिरी मोठी आहे, कारण येथें चेंडू दुसऱ्यांच्या पायांत होता.

१९२५ सालीं तो स्वदेशीं परतला. पुढें डर्बीच्या मैदानावर पडेल तें काम करीत तो राहिला. जेथें एकदां सारें गांव त्याच्या नांवानें ओरडे, तेथेंच तो किरकोळ कामें करी. प्रकृति ढासळली तेव्हां १९३८ च्या आरंभीं लोकांनीं त्यास हवापालटासाठीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड इकडे जहाजानें पाठविलें. परत आल्यावर थोड्याच आठवड्यांनीं, १६ एप्रिल १९३८ रोजीं, त्यानें देह ठेविला. त्याचा अंत्यविधि डर्बीच्या कॅथेड्रलांत झाला, आणि नॉटिंगहॅम रोडवरील स्मशानभूमींत त्यास पुरलें.

डर्बी कौंटीनें एफ. ए. चषक जिंकला तो १९४६ सालीं, दुसरें महायुद्ध संपल्यावर. क्लबाच्या नव्या मैदानावर २००९ सालीं ब्लूमरचा अर्धपुतळा बसविला, तो खेळाडूंच्या बैठकीलगतच.