आपले खापरपणजोबा

घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपडीत मिळते. इंजिनिअर जमातीची मला वर्कशॉपमध्ये मिळाली! जुन्या लेथच्या बोल्टवर मेट्रिक नट काही केल्या बसेना. सर म्हणाले, याचे आटे ५५ अंशांचे, व्हिटवर्थ. मेट्रिक ६० चे. मग मी शोधलंच.

जोसेफ व्हिटवर्थ. जन्म १८०३, इंग्लंडमधलं स्टॉकपोर्ट. मामाची सूतगिरणी सोडून हे मँचेस्टरला पळाले, लंडनला मॉड्स्लेंकडे काम शिकले, १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचं वर्कशॉप काढलं. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. १८६८ मध्ये होतकरू कारागिरांसाठी स्कॉलरशिप ठेवल्या. १८८७ मध्ये गेले. मूलबाळ नव्हतं.

तो बोल्ट मी पुसून जागेवर ठेवला.