चाकावर नाव, माणूस विस्मृतीत

ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. वेगाची हौस असलेला मोटारमालक टायर बदलायला निघाला, की त्याच्या बोलण्यात काही विषय हटकून येतात. मरीन ड्राइव्हच्या वळणावर टायरची पकड कशी आहे, जुलैच्या पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी किती सरकते, लालबागच्या उड्डाणपुलावरून उतरताना सांध्यांचे हादरे किती बसतात आणि परळच्या खड्ड्यात टायरची बाजू फुगली तर पुढे काय करायचे. रुंद आणि बसक्या टायरांची किंमत मोठी, त्यामुळे ही चर्चाही गंभीरपणे होते. मात्र चाकात हवा भरण्याची कल्पना ज्याने जगाच्या गळी उतरवली, त्या माणसाला वेगाचे काडीचेही आकर्षण नव्हते. तो व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता आणि त्याला केवळ आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी करायचे होते. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणून जन्मलेल्या डनलॉप यांनी आपली प्रकृती नाजूक असल्याची समजूत आयुष्यभर बाळगली. शेतीची कष्टाची कामे त्यांना झेपण्यासारखी नव्हती, परंतु जनावरांची जाण मात्र घरातच मिळाली होती. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे मायदेशीच काम केले. १८६७ मध्ये ते आयर्लंडमध्ये गेले. डाउनपॅट्रिक येथे भावासमवेत आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला जम बसवला. १८८० च्या दशकाच्या मध्यास त्यांचा पशुचिकित्सेचा व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या व्यवसायांपैकी एक मानला जात होता.

त्या काळात पशुवैद्य हा शहराच्या वाहतुकीचा आधारस्तंभ होता, हे आज सांगावे लागते. ट्राम, बग्गी, मालाच्या गाड्या सारे काही घोड्यांवर चाले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती. परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते याच काळाचे अपत्य. बेलफास्टच्या डॉक्टरांची आणि परळच्या डॉक्टरांची दुखणी एकाच जातीची होती. कठीण रस्त्यावर लोखंडी धावेची चाके ओढताना घोड्याचे पाय आणि खांदे निकामी होत. रस्त्याचा प्रत्येक दगड आधी चाकाला, मग गाडीला आणि शेवटी घोड्याला लागत असे.

डनलॉप यांना रबराचा परिचय होता. आपल्या व्यवसायासाठी लागणारी काही साधने ते रबरापासून स्वतः तयार करीत. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी या ज्ञानाचा उपयोग आपला मुलगा जॉनी याच्या तीनचाकी सायकलीसाठी केला. सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी चकती घेऊन तिच्या कडेवर त्यांनी रबराची नळी बसवली, ती कापडाने आवळून चकतीवर पक्की केली आणि तिच्यात हवा भरली. मग घराच्या अंगणात एकीकडे सायकलीचे जुने चाक आणि दुसरीकडे ही नवी चकती अशी दोन्ही घरंगळत सोडली. जुने चाक थोड्या अंतरावर जाऊन थांबले. हवेची चकती मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलट फिरली.

या साध्या प्रयोगात पुढच्या शतकाची वाहतूक दडलेली होती. भरीव चाक दगडावर चढते तेव्हा सारी गाडी उचलली जाते आणि त्यात शक्ती वाया जाते. हवेचे चाक दगडाला आपल्यात सामावून घेते, त्यामुळे गाडीची पातळी फारशी बदलत नाही. म्हणजे जी हवा धक्का शोषते, तीच हवा चाकाला अधिक दूर आणि अधिक वेगाने जाऊ देते. डनलॉप यांना हवा होता आराम. त्याच्याबरोबर त्यांच्या हाती लागला वेग.

तीनचाकीनंतर त्यांनी मोठ्या सायकलीसाठी टायर तयार केले. दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल मैदानावर त्यांची चाचणी झाली आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. तरीही लोकांचा विश्वास बसेना. त्या काळच्या सडपातळ भरीव चाकांच्या तुलनेत हे टायर जाडजूड आणि बेढब दिसत. ते पाहून लोक हसत.

हे हसू थांबवले ते विली ह्यूम या सायकलपटूने. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा हा कप्तान. हवेच्या टायरची सायकल विकत घेणारा तो पहिला ग्राहक ठरला. डनलॉप यांनीच त्याला शर्यतीत उतरण्याचे सुचवले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत ह्यूमने सायकलीच्या चारही शर्यती जिंकल्या. त्यानंतर लिव्हरपूलला एक वगळता सर्व शर्यती त्याच्या नावावर लागल्या. चाक बदलले की निकाल बदलतो, ही गोष्ट शर्यतीच्या जगाला त्या दिवशी प्रथम कळली. आज मोटारमालक ज्याला परफॉर्मन्स टायर म्हणतो, त्याची वंशावळ ह्यूमच्या त्या सायकलीपर्यंत मागे नेता येते.

पराभूतांमध्ये हार्वे द्यू क्रॉ या डब्लिनच्या उद्योजकाचे मुलगे होते. द्यू क्रॉ आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मुलांच्या पराभवाचा राग धरण्याऐवजी त्यांनी विजयाचे कारण हेरले. डनलॉप यांच्याशी संधान बांधून त्यांनी डब्लिन येथे टायरची कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपले हक्क काही रोख रक्कम आणि थोडे समभाग यांच्या मोबदल्यात कंपनीकडे सोपवले.

आणि मग वीज कोसळली. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात, तोच ते अवैध असल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. कारण हीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच नोंदवली होती. थॉमसन यांनी कातड्याच्या वेष्टनातील रबरी नळ्यांची चाके घोडागाड्यांना बसवून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ती फिरवूनही दाखवली होती. परंतु तेव्हा सायकल रूढ झालेली नव्हती, मोटार जन्मालाही आली नव्हती आणि रबर महाग होते. थॉमसन १८७३ मध्ये वारले आणि त्यांचा शोध कागदपत्रांत पडून राहिला. डनलॉप यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पहिलेपणाचा मान मात्र त्यांच्या हातून निसटला.

कंपनी तरली ती इतरांच्या बुद्धीमुळे. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो सोडवून पुन्हा बसवणे म्हणजे तासन् तासांचे काम. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला आणि विल्यम बार्टलेट यांनी धावेच्या ओठात अडकणारा टायर शोधला. हे दोन्ही टायर सहज काढता-घालता येत. द्यू क्रॉ यांनी हे हक्क कंपनीसाठी मिळवले आणि हवेचा टायर खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनीही याच अडचणीवर तोड काढली आणि १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेचे टायर मोटारीला बसवून ते स्वतः उतरले. वाटेत त्यांना वारंवार पंक्चर काढावे लागले, परंतु मोटार हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले.

त्याच सुमारास डनलॉप या व्यवहारातून बाजूला झाले. द्यू क्रॉ यांच्याशी त्यांचे पटेनासे झाले होते. १८९५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी टेरा हूली नावाच्या भांडवलदाराने ही कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि ५० लाख पौंडांना जनतेला विकली. ज्यांच्या अंगणात हे सारे सुरू झाले, त्या डनलॉप यांना या शोधातून मोठी संपत्ती कधीच मिळाली नाही. कंपनीने मोटारींचे टायर बनवायला १९०० मध्ये सुरुवात केली, तेव्हा ते त्या कंपनीचे कोणीही नव्हते.

मात्र नाव कंपनीकडेच राहिले आणि चेहराही. दाढीधारी डनलॉप यांची मुद्रा टायरच्या जाहिरातींवर झळकू लागली. पुढे जाहिरातींत त्यांना छानछोकी पोशाखातील नखरेल गृहस्थाच्या रूपात रंगवण्यात आले. साध्या राहणीच्या या वृद्धाला हा आपला उपहास वाटला. ज्या कंपनीला आपले नाव आहे, तिच्याविरुद्धच त्यांनी दावा लावला. या दाव्यातील कायद्याचा मुद्दा लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. स्वतःचे नाव विकल्यावर माणसाचे त्यावर काय उरते, हा प्रश्न आज जाहिरातीच्या युगात नवा वाटत नाही. डनलॉप यांना तो शंभर वर्षांपूर्वी पडला होता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टायरच्या जन्माची हकिगत सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मुंबईत तोवर चित्र पालटले होते. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची सहनशक्ती अजमावणारी चाचणी निघाली होती. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ च्या जुलैमध्ये पहिली बस धावली आणि घोडा हळूहळू रस्त्यावरून हटला. घोड्यांचा इलाज करणाऱ्या डॉक्टरच्या शोधाने घोड्याची सुटका केली, असे म्हणता येईल. आणि त्याची गरजही संपवली. डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना काढला. शिवडीच्या हे बंदर मार्गावर फायरस्टोन या अमेरिकी कंपनीचा कारखाना उभा राहिला. तो पुढे बॉम्बे टायर आणि मग मोदीस्टोन या नावाने ओळखला गेला. भांडुपला सिएट आली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात रबराच्या वासाचीही एक वस्ती होती. शिवडी आणि साहागंज हे दोन्ही कारखाने आता बंद पडले आहेत. मूळ ब्रिटिश कंपनीही १९८५ मध्ये बीटीआर या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. 'डनलॉप' हे नाव मात्र टायरवर कायम आहे आणि ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत मोटारी आजही डनलॉपच्या नावाच्या पुलाखालून जातात.

आता पुन्हा ऑपेरा हाऊसच्या बाजारातील चर्चेचा विचार करू. टायरच्या बाजूवर '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' असे काही कोरलेले असते. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. दुसरा सांगतो, की टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे. १६ म्हणजे चाकाचा इंचांतील व्यास आणि ९१ हा वजन पेलण्याचा निर्देशांक. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा दाखवते. 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटर. वेगाच्या हौशी चालकाला दुसरा आकडा लहान हवा असतो, कारण बाजू जितकी बुटकी तितका टायर वळणावर कमी झुकतो. पण बाजू बुटकी म्हणजे हवेची गादी पातळ. म्हणूनच गुळगुळीत रस्त्यावर सुखावणारे हेच टायर खड्ड्यात गेले की टायरची बाजू चिरते आणि धाव वाकते. डनलॉप यांनी दगडाचा मार चुकवण्यासाठी जी गादी घातली, तीच वेगासाठी आपण पातळ करीत आणली आहे.

पावसाचेही तसेच. चाक वेगात असताना टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. रुंद टायर जिरलेला असेल तर हा धोका अधिक. कोणत्याही मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या जागेपुरता. घरच्यांना सोबत घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या चार तळहातांवर असतो. टायरवर कोणाचे नाव आहे, यापेक्षा त्यात हवा किती आहे आणि खाचा किती उरल्या आहेत, याला महत्त्व अधिक.

डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत डनलॉप यांनी चिरविश्रांती घेतली आहे. पहिला शोधक थॉमसन, सुधारणा करणारे वेल्च आणि बार्टलेट, बाजार उभा करणारे द्यू क्रॉ, शर्यत जिंकणारा ह्यूम या साऱ्यांचे श्रेय एका नावात मिसळून गेले. आणि ज्याचे ते नाव, त्याला ना पैसा मिळाला, ना आपल्या प्रतिमेवरचा ताबा. पण मुलाला रस्त्याचे धक्के बसू नयेत, एवढ्या साध्या इच्छेने या पित्याने अंगणात एक चकती घरंगळत सोडली होती, हे त्यांचे श्रेय कोणत्याही न्यायालयाला रद्द करता आलेले नाही.