नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे मुंबईतील कामगार पुढारी, पत्रकार व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. 'दीनबंधू' या मराठी साप्ताहिकाचे ते संपादक होते. कापड गिरण्यांतील कामगारांच्या मागण्या सभा, अर्ज व वृत्तपत्र यांच्या मार्गाने सातत्याने मांडल्यामुळे त्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाते. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळालेली रविवारची साप्ताहिक सुट्टी हे त्यांच्या कार्याचे सर्वांत प्रसिद्ध फलित होय.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर या गावचे होते. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. घरच्या परिस्थितीमुळे मॅट्रिकनंतर पुढे शिकणे त्यांना शक्य झाले नाही. मुंबई व ठाणे यांच्या दरम्यान पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तेव्हा ते बालवयात होते. पुढे त्यांनी काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि त्यानंतर मुंबईतील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून ते काम करू लागले. गिरणीतील कामाचे तास, शिक्षा व दंड, अपघात आणि पगाराची अनियमितता ही त्यांना जवळून पाहायला मिळाली ती या नोकरीत. पुढे पत्रकारितेला व सार्वजनिक कार्याला सर्व वेळ देता यावा म्हणून त्यांनी नोकरी सोडली.

पार्श्वभूमी : मुंबईतील गिरण्या

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली व ताडदेव येथील या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबईच्या कापूस व्यापारात प्रचंड पैसा आला. युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. मात्र १८७० नंतरच्या दोन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. १८९० च्या सुमारास मुंबईतील गिरणी कामगारांची संख्या पन्नास हजारांहून अधिक झाली होती.

यांतील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे आदी जिल्ह्यांतून आलेले शेतकरी व शेतमजूर होते. वाढते कर्ज, जमिनीचे तुकडे आणि दुष्काळ यांमुळे गावी पोट भरेनासे झाल्याने ते मुंबईस येत. त्यांची भरती जॉबर किंवा मुकादमामार्फत होई व नोकरी टिकणे त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. गिरण्यांत विजेचे दिवे नसल्याने काम साधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस हिवाळ्यापेक्षा बराच लांबत असे. ठरावीक साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या मिळत आणि सुट्टीच्या दिवशीही यंत्रे साफ करण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावले जाई. महिन्याचा पगार पुढील महिन्यात बराच उशिरा मिळत असल्यामुळे कामगाराला वाण्याकडील उधारीवर व सावकाराच्या कर्जावर दिवस काढावे लागत.

सत्यशोधक समाज व दीनबंधू

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे या समाजाच्या मुंबईतील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक झाले. जातिभेद, पुरोहितांची मध्यस्थी व शूद्रातिशूद्रांचे अज्ञान यांविरुद्धची फुले यांची शिकवण त्यांनी गिरणगावातील वस्तीपर्यंत नेली. कामगारांची दैन्यावस्था ही केवळ मालकाच्या नफेखोरीतून आलेली नसून शिक्षणाचा अभाव, कर्जबाजारीपणा, दारू व जातींतील फाटाफूट यांतूनही आली आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून मजुरीच्या प्रश्नाइतकाच शिक्षणाचा व सामाजिक सुधारणेचा आग्रह ते धरीत.

कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' हे पत्र आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये ते मुंबईस आणण्यात आले व लोखंडे त्याचे संपादक झाले. शेतकरी व कामगार यांच्या प्रश्नांना वाहिलेले हे पत्र त्यांनी अखेरपर्यंत चालवले. गिरण्यांतील अपघात, दंड व अपुरी मजुरी यांविषयी त्यात सातत्याने लेखन होत असे.

फुले यांच्याशी लोखंडे यांचे मतभेदही झाले. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा आरंभीचा भाग 'दीनबंधू'त प्रसिद्ध झाला. परंतु त्यातील टीका तीव्र असल्याने लोखंडे यांनी पुढील भाग छापला नाही. त्यांच्या या सावधपणावर फुले यांनी कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. तरीही दोघांचे कार्य परस्परांपासून तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी येथे झालेल्या ज्या सत्कार समारंभात फुले यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली, त्याच्या आयोजनात लोखंडे यांचा पुढाकार होता.

कारखाना कायद्याचा वाद

हिंदुस्थानातील कारखान्यांसाठी कायदा व्हावा ही मागणी प्रथम जोरात मांडली ती इंग्लंडमधील लोकांनी. त्यांत मानवतावादी सुधारक होते, तसेच मुंबईच्या स्वस्त सुतामुळे धास्तावलेले लँकेशायरचे गिरणी मालकही होते. मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्याचा पुरस्कार केला. मात्र गिरणी मालक आणि बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे कायद्याच्या विरोधात होती. देशी उद्योग बाल्यावस्थेत असताना त्यावर बंधने घालणे म्हणजे मँचेस्टरच्या हिताची चाकरी होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. विलायती कापडावरील आयात कर १८८२ मध्ये रद्द करण्यात आल्याने हा संशय अधिकच बळावला.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी कामाची मर्यादा नऊ तास ठरवली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीही तरतूद नव्हती. या वादात मालक, सरकारी अधिकारी, विलायती व्यापारी व देशी संपादक असे सर्व जण कामगारांविषयी बोलत होते. कामगारांचे स्वतःचे म्हणणे मात्र कोठेही नोंदले जात नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे काम लोखंडे यांनी केले. कायद्यामागे लँकेशायरचा स्वार्थ असला तरी त्यामुळे कामगाराची गरज खोटी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१८८४ ची सभा व अर्ज

मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरा कारखाना आयोग नेमला. आयोगापुढे कामगारांची बाजू यावी म्हणून लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. हिंदुस्थानातील औद्योगिक कामगारांच्या आरंभीच्या जाहीर सभांत त्यांची गणना होते. सभेत संमत झालेला व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या असलेला अर्ज आयोगाला सादर करण्यात आला. त्यातील प्रमुख मागण्या पुढीलप्रमाणे होत्या :

१. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
३. गिरणी सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावी व सूर्यास्ताला बंद व्हावी.
४. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा.
५. कामावर गंभीर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची सोय करावी.

या मागण्यांमध्ये पगारवाढीचा समावेश नव्हता. विश्रांती, वेळेवर पगार व अपघातानंतर आधार एवढेच कामगारांनी मागितले होते. तरीही आयोगाच्या चौकशीतून त्यांच्या पदरात लगेच काही पडले नाही.

याच सुमारास लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संघटना उभारली व ते तिचे अध्यक्ष झाले. तिच्या स्थापनेचे वर्ष सामान्यतः १८८४ दिले जाते. काही अभ्यासक १८९० हे वर्ष मानतात. संघटनेला नोंदलेले सभासद, वर्गणी, निधी किंवा लेखी नियम नव्हते. त्यामुळे आजच्या अर्थाने तिला कामगार संघ म्हणता येईल का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र कामगारांचे गाऱ्हाणे त्यांच्याच नावाने सरकारकडे व मालकांकडे नेणारी ही देशातील आरंभीची संस्था होती, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

रविवारची सुट्टी

कारखाना कायद्यातील दुरुस्तीची चर्चा पुन्हा सुरू झाल्यावर २४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार तिला उपस्थित होते आणि दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज सभेने गिरणी मालकांच्या संघाकडे पाठवला. रविवार हा महाराष्ट्रातील बहुजन समाजाचे दैवत असलेल्या खंडोबाचा वार असल्याने ही मागणी कामगारांना परकी वाटली नाही. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला एक दिवस घरासाठी व समाजाच्या कामासाठी मिळावा, असा विचार तिच्यामागे असल्याचे सांगितले जाते. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगावर लोखंडे यांनी मुंबईचे स्थानिक सदस्य म्हणून काम केले. १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला. स्त्रियांसाठी कामाची मर्यादा अकरा तास, तर नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी सात तास ठरली. प्रौढ पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचा दिवस आणखी लांबला आणि पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्यानेच आली.

इतर सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनाच्या रूढीविरुद्ध लोखंडे यांनी 'दीनबंधू'तून लिहिले. त्यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. हे काम ज्यांच्या हातून करवून घेतले जाई त्यांनीच नकार द्यावा, अशी ही योजना होती.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला व त्याची झळ गिरणी वस्तीलाही लागली. दोन्ही समाजांतील कामगारांत सलोखा राहावा म्हणून लोखंडे यांनी प्रयत्न केले. पुढे सरकारने त्यांना 'रावबहादूर' हा किताब दिला.

प्लेग व मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाट वस्तीच्या चाळींत राहणाऱ्या कामगारांना तिचा मोठा तडाखा बसला आणि हजारो लोक शहर सोडून गावी गेले. सरकारी रुग्णालयांविषयी लोकांत भीती होती. अशा वेळी लोखंडे यांनी मराठा रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला व ते स्वतः रुग्णांच्या सेवेत राहिले. या कामातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचेही निधन झाले.

मूल्यमापन व स्मृती

लोखंडे यांचा मार्ग सनदशीर होता. संपापेक्षा सभा, अर्ज व साक्ष यांवर त्यांचा भर असे आणि सरकारकडून न्याय मिळेल अशी त्यांना आशा होती. या मर्यादेमुळे त्यांच्या कार्याला कामगार संघटनेऐवजी परोपकारी सुधारणा म्हणणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्या पश्चात संघटना टिकली नाही. गिरणी कामगारांच्या बळकट संघटना उभ्या राहण्यास विसाव्या शतकातील दुसरे-तिसरे दशक उजाडावे लागले. तथापि, कामगार हा दयेचा विषय नसून आपले म्हणणे स्वतः मांडू शकणारा घटक आहे, ही जाणीव मुंबईच्या सार्वजनिक जीवनात रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. जातीच्या प्रश्नापासून मजुरीचा प्रश्न वेगळा न काढणे हेही त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

भारतीय टपाल खात्याने मे २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. मुंबईतील परळ येथील महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. मनोहर कदम यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.