हार्ड डिस्कवाले जॉन्सन मास्तर

शाळेत स्कॉलरशिपच्या परीक्षेला ओएमआर शीटवर गोळे काळे करणं आणि होस्टेलवर हार्ड डिस्कमधून पिक्चर कॉपी करणं, या दोन्ही गोष्टींची सुरुवात शोधत गेलं तर एकच माणूस भेटतो. रेनॉल्ड जॉन्सन!

जन्म 1906, अमेरिकेतल्या मिनेसोटात. पेशाने हायस्कूलचे सायन्स मास्तर. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं. 1934 मध्ये आयबीएमने त्यांना नोकरीवर घेतलं आणि 1937 मध्ये ते यंत्र बाजारात आणलं.

1952 मध्ये कंपनीने त्यांना सॅन होजेला नवी लॅब काढायला पाठवलं. तेव्हा माहिती पंचकार्डांच्या गठ्ठ्यांत नाहीतर टेपवर असायची. मधली एक नोंद हवी असली तरी आधीची सगळी टेप सरकवा! जॉन्सन यांच्या टीमने फिरत्या तबकड्या घेतल्या. त्यांवर चुंबकीय रंगाचा थर एकसारखा बसायला हवा, म्हणून रंग रेशमी स्टॉकिंगमधून गाळला आणि कागदी कपाने फिरत्या तबकडीवर ओतला. चक्क जुगाड! 1956 मध्ये रामॅक आलं. 24 इंची 50 तबकड्या आणि जागा फक्त 50 लाख अक्षरांची. पण प्रत्येक नोंदीला पत्ता होता आणि हेड थेट तिथे जायचं.

हा पत्ता मला आमच्या आकुर्डीच्या होस्टेलवर उपयोगी पडला. सबमिशनच्या तोंडावर एका सिनियर दादाचा डी ड्राइव्ह गायब! चाकणच्या एका कंपनीत घेतलेली प्रोजेक्टची सगळी रीडिंग्ज त्यात. तो नवं पार्टिशन करून फॉर्मॅट मारणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमधल्या 64 बाइट्समध्ये चार पार्टिशनचे पत्ते असतात. नव्या जीपीटीत या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही असते. यादी बिघडली म्हणजे माहिती पुसली गेली असं नाही. सोसायटीच्या गेटवरचा नावांचा बोर्ड पडला म्हणून फ्लॅट थोडेच पडतात? आम्ही त्या डिस्कवर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब इमेज घेतली, मग टेस्टडिस्कने हरवलेलं पार्टिशन शोधलं. रात्री दोन वाजता फोल्डर दिसले आणि दादाचा जीव भांड्यात पडला.

जॉन्सन यांना 1986 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. 1998 मध्ये ते गेले. तेव्हा ड्राइव्ह दिसेनासा झाला तर फॉर्मॅटवर क्लिक करण्याआधी या मास्तरांची आठवण काढा. आणि हो, डिस्क कटकट आवाज करत असेल तर दुखणं पार्टिशनचं नाही, यंत्राचं आहे. लगेच बंद करा!