तारेविना चालणारी नाव

(निकोला टेस्ला हे विजेच्या क्षेत्रातील थोर संशोधक होते. त्यांनी तयार केलेल्या एका छोट्या नावेची आणि त्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

रिमोटचे बटण दाबले की खेळण्यातली मोटार धावू लागते. दुसरे बटण दाबले की ती वळते. मोटारीला तार जोडलेली नसते, तरीही ती आपले ऐकते. आज याचे कुणाला नवल वाटत नाही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशी एक नाव पाण्यावर चालली, तेव्हा पाहणाऱ्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. ती नाव बनवणाऱ्या संशोधकाचे नाव होते निकोला टेस्ला.

निकोलाचा जन्म 10 जुलै 1856 रोजी स्मिल्यान या लहानशा गावी झाला. हे गाव आज क्रोएशिया या देशात आहे. वडील धर्मोपदेशक होते. आई शाळेत गेलेली नव्हती, पण तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. घरकामासाठी लागणारी कितीतरी अवजारे ती स्वतः तयार करत असे. नवे काही करून पाहण्याची आवड आपल्याला आईकडून मिळाली, असे निकोला पुढे नेहमी सांगत.

लहानपणी निकोलाला पाण्याचे फार वेड होते. ओढ्याच्या प्रवाहात तो लाकडी चाक बसवी आणि ते फिरताना पाहत राही. एकदा त्याने नायगारा धबधब्याचे चित्र पाहिले. मोठेपणी अमेरिकेत जाऊन या धबधब्यावर चाक फिरवीन, असे त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून टाकले.

आपल्यासारखेच मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. निकोलाला मात्र इंजिनिअर व्हायचे होते. 1873 साली त्याला कॉलरा झाला. तो कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. मुलगा हातचा जातो की काय, अशी भीती वडिलांना वाटू लागली. तू बरा झालास की तुला इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी पाठवीन, असे वचन त्यांनी त्याला दिले. निकोला बरा झाला आणि वडिलांनी आपला शब्द पाळला.

1884 साली टेस्ला अमेरिकेत न्यूयॉर्कला पोहोचले. त्या वेळी त्यांच्या खिशात जेमतेम चार सेंट होते. त्यांनी काही महिने एडिसन यांच्या कंपनीत नोकरी केली, मग ती सोडली. पुढे पोट भरण्यासाठी त्यांना रस्त्यावर खड्डे खणण्याचे कामही करावे लागले. पण ते खचले नाहीत. 1888 साली त्यांना प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोटरची पेटंटे मिळाली. 1896 साली नायगाऱ्याच्या पाण्यावर तयार झालेली वीज दूरच्या बफेलो शहरात पोहोचली. ही वीज टेस्ला यांच्या पद्धतीने तयार केली होती. लहानपणी पाहिलेले स्वप्न खरे झाले.

याच काळात त्यांच्यावर एक मोठे संकट आले. 13 मार्च 1895 च्या पहाटे त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. यंत्रे, कागदपत्रे, अनेक वर्षांचे श्रम, सारे जळून गेले. प्रयोगशाळेचा विमाही उतरवलेला नव्हता. तरी टेस्ला यांनी दुसरीकडे जागा घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केले. नव्या प्रयोगशाळेतच त्यांची नाव तयार झाली.

ही नाव सुमारे चार फूट लांब होती. तिच्या पोटात बॅटऱ्या होत्या. एक मोटर मागचा पंखा फिरवी आणि नाव पुढे जाई. दुसरी मोटर सुकाणू वळवी. नावेवर एक उंच दांडी उभी केलेली होती. हवेतून येणाऱ्या विद्युतलहरी ही दांडी पकडत असे. लहरी पाठवणारी पेटी टेस्ला यांच्याजवळ असे. तिच्यावर एक लहान दांडा होता.

हे ऐकायला सोपे वाटते. पण नाव तयार करताना टेस्ला यांना एकामागून एक अडचणी सोडवाव्या लागल्या.

पहिली अडचण अशी, की हवेतून येणारी लहर फार दुबळी असते. तिच्या जोरावर मोटर फिरू शकत नाही. म्हणून टेस्ला यांनी लहरीला फक्त पहारेकऱ्याचे काम दिले. पहारेकरी स्वतः ओझे उचलत नाही, तो फक्त दार उघडतो. त्याप्रमाणे लहर आली की एक नाजूक बटण मिटे आणि बॅटरीतली जोरदार वीज मोटरकडे जाई.

दुसरी अडचण होती लहर ओळखण्याची. त्यासाठी त्यांनी एक लहान नळी घेतली. तिच्यात धातूचा बारीक चुरा होता. लहर आली की चुऱ्याचे कण एकमेकांना चिकटत आणि नळीतून वीज वाहू लागे. पण एकदा चिकटलेले कण आपोआप सुटे होत नसत. मग पुढचा संदेश कसा कळणार? टेस्ला यांनी अशी योजना केली, की प्रत्येक संदेशानंतर नळी उलटी होई. कण मोकळे होत आणि नळी नव्या संदेशासाठी तयार होई.

तिसरी अडचण म्हणजे संदेश एकाच प्रकारचा आणि कामे मात्र अनेक. त्यावर टेस्ला यांनी कामांचा क्रम ठरवला. पहिला संदेश आला की सुकाणू एका बाजूला वळू लागे. दुसऱ्या संदेशाने ते थांबे. तिसऱ्याने ते उलट बाजूला वळे आणि चौथ्याने पुन्हा थांबे. अशा रीतीने एकाच प्रकारच्या संदेशाने नाव हवी तिकडे नेता येई.

सर्वांत अवघड अडचण वेगळीच होती. हवेत इतरही लहरी असतात. नावेने भलत्याच लहरीचे ऐकले तर? यासाठी टेस्ला यांनी पेटी आणि नाव यांचा सूर जुळवला. सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. वरची तार छेडली की तिच्याशी सूर जुळलेली खालची तार आपोआप झंकारते, बाकीच्या तारा गप्प राहतात. नावेतील यंत्रणाही तशीच जुळवलेली होती. ठरलेल्या लहरीलाच ती उत्तर देई.

1898 साली न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे विजेचे प्रदर्शन भरले होते. तेथे पाण्याच्या मोठ्या हौदात ही नाव सोडण्यात आली. टेस्ला दांडा फिरवत आणि नाव डावीकडे, उजवीकडे वळे. तिच्यावरचे दिवे लागत आणि विझत. लोक थक्क झाले. कुणाला ती जादू वाटली, तर कुणाला नावेत शिकवलेले माकड लपवले आहे असे वाटले. टेस्ला लोकांची थोडी गंमतही करत. 64 चे घनमूळ किती, असे नावेला विचारले तेव्हा तिचे दिवे चार वेळा लुकलुकले, असे सांगतात. उत्तर अर्थातच टेस्ला देत होते.

8 नोव्हेंबर 1898 रोजी या शोधाचे पेटंट त्यांना मिळाले. पण नाव विकत घ्यायला कुणी पुढे आले नाही. त्यांची कल्पना ऐकून सरकारातील एका अधिकाऱ्याला हसूच आवरले नाही, असे टेस्ला यांनी नंतर लिहिले आहे. माणसांऐवजी यंत्रे लढली तर माणसांचे प्राण वाचतील, अशी त्यांना आशा होती. दुर्दैवाने ती आशा खरी ठरली नाही. पण यंत्राला दुरून काम सांगण्याची त्यांची कल्पना मात्र खरी ठरली. मंगळावर फिरणाऱ्या गाड्यांनाही पृथ्वीवरून लहरींच्या साहाय्यानेच सूचना पाठवल्या जातात.

आज अनेक मुले हौसेने घरी अशा नावा बनवतात आणि तळ्यात त्यांच्या शर्यती लावतात. पातळ लाकडाची नाव तयार झाली, की बॅटरीची जागा ठरवावी लागते. बॅटरी फार पुढे ठेवली तर नावेचे नाक पाण्यात घुसते. फार मागे ठेवली तर नाक वर उचलले जाते. थोडी पुढे, थोडी मागे सरकवत नावेचा तोल साधावा लागतो. जुन्या यंत्रणेत शर्यतीच्या वेळी प्रत्येक नावेसाठी वेगळी लहर ठरवून घेत. दोघांची लहर एकच झाली तर एकाने दांडा फिरवताच दुसऱ्याची नाव वळे! नव्या यंत्रणेत प्रत्येक नाव आपल्या पेटीची खूण स्वतःच ओळखते. सूर जुळवण्याचा जो प्रश्न टेस्ला यांनी हाती घेतला होता, तोच हा प्रश्न आहे.

टेस्ला यांचे उत्तरायुष्य हलाखीत गेले. जगभर तारेविना संदेश आणि वीज पाठवण्यासाठी त्यांनी एक उंच मनोरा उभारला होता, पण पैशाअभावी ते काम अपुरे राहिले. त्यांनी लग्न केले नाही. म्हातारपणी ते न्यूयॉर्कच्या हॉटेलात एकटेच राहत आणि कबुतरांना दाणे घालत. 7 जानेवारी 1943 रोजी हॉटेलच्या खोलीतच त्यांचे निधन झाले. 1960 साली चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले.

लोक हसले म्हणून टेस्ला यांनी आपले काम सोडले नाही आणि आग लागली म्हणून ते रडत बसले नाहीत. यापुढे रिमोटचे बटण दाबाल, तेव्हा हौदात वळणाऱ्या त्या छोट्या नावेची आठवण जरूर ठेवा.

शब्दार्थ
विलक्षण – असामान्य
सुकाणू – नावेची दिशा बदलण्याचे साधन
पहारेकरी – राखण करणारा
थक्क होणे – फार आश्चर्य वाटणे
हलाखी – गरिबीची, त्रासाची स्थिती

स्वाध्याय
1. वडिलांनी निकोलाला कोणते वचन दिले? का दिले?
2. टेस्ला यांनी लहरीला पहारेकऱ्याचे काम दिले, असे लेखकाने का म्हटले आहे?
3. सतारीचे उदाहरण देऊन 'सूर जुळवणे' म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा.
4. वाक्यात उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, शब्द पाळणे, हसू न आवरणे.